तूट आधी भरायची की जागा आधी भरायच्या?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोषागारातून 2021 साली निवृत्त झालो. नोकरी 33 वर्षांची. आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. मुलगा 28 वर्षांचा, सिव्हिल इंजिनीअर. पदवीनंतर दीड वर्ष घोडबंदर रोडला एका बांधकामाच्या साइटवर होता. ते सोडून गेली चार वर्षं कनिष्ठ अभियंत्याच्या आणि इतर सरळसेवेच्या परीक्षा देतोय. एकदा अडीच मार्कांनी हुकला, एकदा जाहिरातच रद्द झाली.

मार्च 2025 मध्ये राज्याचा अर्थसंकल्प टीव्हीवर चालू होता. मी आयुष्यभर बिलं पास केली, त्यामुळे असे आकडे ऐकले की जीव घाबरा होतो. मी म्हणालो, ‘घर असो की राज्य, आधी कर्ज कमी करावं. दोन-तीन वर्षं नोकरभरती बंद ठेवली तर आभाळ कोसळत नाही. नाहीतर सगळा बोजा पुढच्या पिढीवर.’ मुलगा भरल्या ताटावरून उठला. म्हणाला, ‘पुढची पिढी म्हणजे मीच ना, बाबा? तुमची पेन्शन एक तारखेला जमा होते, म्हणून तुम्हाला तूट दिसते. मला रिकाम्या जागा दिसतात.’ त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. निरोप त्याच्या आईमार्फत जातात. तो रात्री साडेअकराला अभ्यासिकेतून येतो तेव्हा मी जागाच असतो, पण दिवा लावत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हिशोबाने पाहिलं तर चूक कोणाची? आणि त्याने आणखी किती थांबावं? तुमचं उत्तर त्याला वाचायला द्यावं का, तेही सांगा.

– एक निवृत्त कर्मचारी, ठाणे (पूर्व)

*

नमस्कार.

पेन्शनचं वाक्य तुमच्या जिव्हारी लागलंय, हे तुम्ही न लिहिताही कळतं. त्याकडे मी येणार आहे. पण भांडण हिशोबावरून सुरू झालं, म्हणून आधी हिशोब बघू.

त्या दिवशी तुम्ही ऐकलेले आकडे असे होते. 2025-26 साठी राज्याची महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी रुपये धरलेली. महसुली तूट 45,891 कोटी. राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार 235 कोटी. वर्षअखेरचं एकूण कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या वर. तुम्हाला या शब्दांची फोड करून सांगायला नको, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. वर्षभरात सरकारला एकूण जेवढं उसनं घ्यावं लागतं ती राजकोषीय तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्चसुद्धा उत्पन्नातून भागत नाही, तेवढी महसुली तूट. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. उसन्या घेतलेल्या दर शंभर रुपयांतले चौतीसेक रुपये रोजच्या खर्चात जातात. त्यातून पूल होत नाही, धरण होत नाही, काहीच मागे उरत नाही. कर्ज मात्र उरतं. नुसतं व्याजच वर्षाला साठ हजार कोटींच्या वर गेलंय. पगार, पेन्शन आणि व्याज मिळून जमेतला निम्म्याहून जास्त पैसा वर्ष सुरू व्हायच्या आधीच वाटला गेलेला असतो.

म्हणजे तुमचा जीव घाबरा होतो तो उगाच नाही. मात्र राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायची असा दंडक आहे आणि महाराष्ट्र त्याच्या आत आहे. छप्पर कोसळलेलं नाही. भिंतीत ओल धरली आहे. ओल काढायला भिंत पाडत नाहीत, आणि ओल आहे म्हणून घरातल्या एकाच माणसाला बाहेर झोपवत नाहीत.

आता तुमचं ‘घर असो की राज्य’. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही महिनाभर कोपरीच्या बाजारातून मासळी आणली नाहीत तर तुमचे पैसे वाचतात आणि पेन्शन तेवढीच राहते. फटका बसतो मासळीवालीला, आणि ती तुमच्या घराच्या हिशोबात नाही. राज्याच्या हिशोबात तुम्ही आहात आणि ती मासळीवालीही आहे. सरकारने एका कामाचं बिल अडवलं की वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फॅब्रिकेटरचं काम थांबतं, त्याच्याकडचे चार वेल्डर घरी बसतात, त्यांना उधारीवर माल देणारा किराणावाला भरणा कमी करतो, आणि फिरून सरकारच्याच जीएसटीत खड्डा पडतो. घराने काटकसर केली की घराचं उत्पन्न घटत नाही. राज्याने चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी काटकसर केली की राज्याचं उत्पन्न घटतं.

याची फार मोठी किंमत ग्रीसने मोजली. 2010 नंतर कर्ज देणाऱ्यांच्या अटींवर तिथे पगार, पेन्शन, नोकऱ्या, सगळ्यावर कात्री चालली. अर्थव्यवस्था जवळजवळ एक चतुर्थांश आक्रसली, 2013 मध्ये काम मागणाऱ्या शंभरातले सत्तावीस लोक बेकार होते, आणि एवढं करून उत्पन्नाच्या प्रमाणात कर्जाचा डोंगर वाढलाच, कारण ज्या उत्पन्नाने भागायचं तेच खाली गेलं.

पण याची दुसरी बाजू तुमच्या मुलाने नीट ऐकावी. 2007-08 मध्ये केंद्राची राजकोषीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत खाली आलेली होती. म्हणून 2008 च्या जागतिक मंदीत केंद्राला हात सैल सोडता आला आणि तूट 6 टक्क्यांवर नेता आली. चांगल्या दिवसांत तूट कमी केली नसती तर वाईट दिवसांत नोकऱ्या वाचवायला हातात काही राहिलं नसतं. मग तो सैल सोडलेला हात वेळेवर आवरला गेला नाही. महागाई वर्षानुवर्षं चढी राहिली आणि 2013 मध्ये रुपया गडगडला. महागाईचा मार सगळ्यात आधी ज्याला पगार नाही त्यालाच बसतो. शिवाय राज्य म्हणजे केंद्र नव्हे. राज्याला नोटा छापता येत नाहीत, आणि राज्यघटनेच्या कलम 293 प्रमाणे, केंद्राचं आधीचं कर्ज बाकी असेपर्यंत, केंद्राची संमती असल्याशिवाय नवं कर्जही उचलता येत नाही. ‘सरकारने हवं तेवढं कर्ज काढावं आणि भरती करावी’ असं तो म्हणत असेल, तर तो चुकतोय.

तेव्हा तूट कमी करायची की नाही, असा प्रश्नच नाही. करायची. ती कशातून कमी करायची आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, एवढाच खरा वाद आहे. तुम्ही पहिलं नाव घेतलंत ते भरतीचं. तिथेच मला अडतं, आणि का अडतं ते तुमच्याच भाषेत सांगते.

ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची जुनी इमारत पाडून त्या जागी 900 खाटांचं नवं रुग्णालय बांधायला घेतलं. त्या इमारतीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी वहीतल्या कोणत्या रकान्यात, पडतो? 4210, भांडवली, म्हणजे मागे काही टिकाऊ उरतं तो खर्च. तिथे रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या परिचारिकेचा पगार? 2210, महसुली. अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात की भांडवली खर्च चांगला. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या अभ्यासकांनी 2013 च्या सुमारास हिशोब मांडला होता की भांडवली खर्चाच्या एका रुपयामागे अर्थव्यवस्थेत जवळपास अडीच रुपयांची हालचाल होते, आणि नुसतं वाटप केलेल्या रुपयामागे एका रुपयाचीही पुरती होत नाही. मला तो हिशोब मान्य आहे. केंद्राने 2020-21 मधली 9.2 टक्क्यांची तूट 2025-26 साठी 4.4 टक्क्यांच्या उद्दिष्टापर्यंत आणली आणि त्याच वर्षांत भांडवली खर्चाची तरतूद 11 लाख कोटींच्या वर नेली, ती याच विचाराने. तूट हळूहळू उतरवायची आणि उतरवताना बांधकाम थांबवायचं नाही, हा रस्ता ग्रीसच्या रस्त्यापेक्षा पुष्कळ बरा आहे.

पण 900 खाटा भांडवली खर्चातून आल्या तरी रुग्णाला सलाईन लावायला इमारत येत नाही. परिचारिका नसेल तर ती इमारत म्हणजे नुसतं सिमेंट. लेखाशीर्षाच्या वहीत परिचारिका, शिक्षक, कनिष्ठ अभियंता हे सगळे त्याच रकान्यात बसतात ज्या रकान्यात मंत्र्यांच्या दालनाचे पडदे बसतात. म्हणून ‘महसुली खर्च कापा’ असा आदेश निघाला की सगळ्यात सोपं काय सापडतं? रिकामी जागा. ती भरायची नाही. पडद्याला मागणारा माणूस असतो, रिकाम्या जागेला आवाज नसतो. राज्यात मंजूर पदांपैकी दोन लाखांहून जास्त रिकामी आहेत, आणि आकृतिबंधाच्या, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याच्या, कागदावर ती तशीच वर्षानुवर्षं दिसतात. वहीत ती बचत दिसते. प्रत्यक्षात तो खर्चच असतो. कनिष्ठ अभियंता नाही म्हणून रस्त्याचं मोजमाप वेळेवर होत नाही, देखरेख होत नाही, पावसाळ्यानंतर तोच रस्ता पुन्हा करावा लागतो. तो दुसऱ्यांदा केलेला रस्ता मग भांडवली खर्चात जातो आणि विकास म्हणून मोजला जातो. तुम्ही 33 वर्षं बिलं पाहिली आहेत. एकाच रस्त्याची किती बिलं पाहिलीत ते आठवा.

एक ढोबळ हिशोब करते. एका पदाचा वर्षाचा खर्च सहा लाख धरा. हा आकडा मी धरलेला आहे, कमी-जास्त करा. एक लाख पदं भरली तर वर्षाला 6,000 कोटी. राज्याच्या महसुली जमेच्या एक टक्क्याहून थोडे जास्त. लहान रक्कम नाही, आणि एकदा माणूस घेतला की तीस वर्षांची बांधिलकी येते, हेही खरं. पण 2024 च्या पावसाळी अधिवेशनात ज्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या त्या 94,889 कोटींच्या होत्या. मूळ अर्थसंकल्पात न बसलेला खर्च एवढा वाढू शकतो, तर परिचारिकेच्या पगारानेच राज्य बुडेल हे मला पटत नाही.

लाडक्या बहिणीच्या 1,500 रुपयांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ते मनात असणार. माझं मत सांगते. कळव्याच्या चाळीत राहणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला स्वतःचे दीड हजार येणं ही लहान गोष्ट नाही, आणि ते पैसे शेजारच्या दुकानातच खर्च होतात. 2025-26 मध्ये त्यासाठी 36,000 कोटींची तरतूद होती. माझी हरकत पैशाला नाही. कायमचा खर्च जाहीर करताना त्याचं कायमचं उत्पन्न जाहीर केलं जात नाही, याला आहे. मग तो खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून गुपचूप निघतो. ठेकेदारांची थकलेली बिलं, लांबलेल्या जाहिराती, रिकाम्या जागा.

महाराष्ट्राने हे एकदा वेगळ्या तऱ्हेने केलेलं आहे आणि त्याचा पुरावा तुमच्या पगारपत्रकात होता. व्यवसाय कर. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. ठाण्याच्या कुठल्याही नोकरदाराला विचारा हा कर कशासाठी कापतात, शंभरातल्या दोघांनाही सांगता येणार नाही. 1972 चा दुष्काळ पडला. 1973 च्या मे महिन्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती, बांध घालत होती. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी आधी करून पाहिलेली कल्पना त्या काळात राज्यभर गेली: काम मागेल त्याला काम. ते पुढेही चालू ठेवायचं तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनी टाळला नाही. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा केला, त्यातून येणारा पैसा रोजगार हमीच्या निधीत, आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. पुढे 2005 साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तो याच वाटेने. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बिनपगारी माणसाच्या कामाचे पैसे दिले, कायद्याने आणि उघडपणे. नोकऱ्या निर्माण झाल्या आणि त्यासाठी तूट वाढवावी लागली नाही.

‘तूट की रोजगार’ या भांडणात कर भरणारा माणूस कायम गाळला जातो, असं मला वाटतं. बाप म्हणतो खर्च कापा, मुलगा म्हणतो भरती करा, आणि ‘मी थोडा जास्त कर देतो’ असं दोघांपैकी कोणी म्हणत नाही. मीही म्हणाले नव्हते, जोवर हा इतिहास नीट वाचला नव्हता तोवर. व्यवसाय कराची घटनेतली कमाल मर्यादा 2,500 रुपये आहे. ती ठरली 1988 साली, तुम्ही नोकरीला लागलात त्याच वर्षी, आणि आजही तेवढीच आहे. तुमचा पहिला पगार किती होता आणि शेवटचा किती, ते आठवा. हिरानंदानी किंवा पाम बीच रोडला राहणारा, महिन्याला पाच लाख कमावणारा माणूसही वर्षाला तेवढेच 2,500 भरतो. ही मर्यादा राज्याच्या हातात नाही, घटनादुरुस्ती लागते. पण ती मागण्याचा आवाजही कुठे ऐकू येत नाही.

माझ्या हातात असतं तर मी आधी थकलेली बिलं चुकती केली असती, कारण त्याहून लवकर रोजगार कशानेच उभा राहत नाही. काम झालेलं असतं, मजूर ठरलेला असतो, फक्त पैसा अडलेला असतो. मग दवाखाना, शाळा आणि बांधकाम-पाणीपुरवठा या खात्यांतली मंजूर पदं ठरलेल्या तारखांना भरली असती, दरवर्षी थोडी, जाहिरात कधी आणि निकाल कधी हे आधी सांगून. आणि महसुली तूट मात्र दरवर्षी खाली गेलीच पाहिजे, चांगल्या वर्षांत जास्त, असा हट्ट धरला असता. आज मंदी नाही. ठाणे-बोरिवली बोगदा, मेट्रो, एवढी कामं आपल्या डोळ्यांसमोर चालू असताना रोजच्या खर्चासाठी कर्ज काढणं मला पटत नाही. तुमच्या काळजीत मी तुमच्याबरोबर आहे. तुम्ही सुचवलेल्या उपायात नाही.

आता पेन्शनबद्दल.

पेन्शन हा तुमचा हक्क आहे, केलेल्या कामाचा राहिलेला पगार आहे. मुलाला ते ठाऊक आहे. त्याला सलतं ते निराळं आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांना तुमच्यासारखी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर कर्मचारी संपावर गेले होते. तुमच्या पिढीला जागाही मिळाली आणि पेन्शनही. त्याच्या पिढीला त्या जागेची परीक्षा मिळते, तीही पैसे भरून. 2023 ची तलाठी भरती आठवा: 4,644 पदं, दहा लाखांहून जास्त अर्ज, शुल्क 1,000 आणि राखीव प्रवर्गाला 900 रुपये. गुणाकार करून बघा, नव्वद कोटींच्या वर जातो. हे पैसे बेरोजगारांनी भरले. आणि 4 मे 2020 चा शासन निर्णय तुमच्या टेबलावर आलेला असणार, तुम्ही तेव्हा नोकरीत होतात. विकासाचा खर्च 33 टक्क्यांवर, आरोग्य वगळता नवी भरती बंद. तिजोरीच आटली होती, त्या वेळी दुसरं काही करता आलं नसेल. पण त्या बंदीत साचलेली गर्दी नंतरच्या प्रत्येक जाहिरातीवर कोसळली, आणि त्या गर्दीत तुमचा मुलगा उभा होता. अडीच मार्कांनी हुकला तो त्या गर्दीत हुकला.

अशा मुलासमोर तुम्ही बचतीची पहिली वस्तू म्हणून नेमकी त्याची वस्तू उचललीत. ‘महागाई भत्ता दोन वर्षं गोठवा, मीही सोसतो’ असं म्हणाला असतात तर तो ताटावरून उठला नसता असं मला वाटतं.

माझ्या घरात हे होऊन गेलंय. माझ्या थोरल्या भावाचं नाव एका निमसरकारी संस्थेच्या निवड यादीत लागलं होतं. वैद्यकीय तपासणीसुद्धा झाली. मग भरतीवर बंदी आली, यादीची मुदत संपली, आणि ती यादी कागदाचा तुकडा झाली. आमचे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात हिशोब लिहायचे. ते म्हणाले, ‘त्यांच्याकडेच पैसा नाही तर ते तरी काय करणार?’ वाक्य बरोबर होतं. भाऊ पुढची दोन वर्षं वडिलांशी फक्त आईमार्फत बोलला. त्याने पुढे आणखी पाच परीक्षा दिल्या, तेहतिसाव्या वर्षी खारघरला एका ठेकेदाराकडे सर्व्हेचं काम धरलं आणि त्यात तो चांगला रुळला. पण ती मधली सहा वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत. त्याला नोकरी न मिळाल्याचं दुःख कमी होतं. घरात कुणी ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ असं म्हटलं नाही, याचं जास्त होतं. वडील गेल्यावर त्याने मला हे सांगितलं.

तुमचा दुसरा प्रश्न, किती थांबावं. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा 38 आहे, राखीव प्रवर्गासाठी 43. ही सवलत वाटते, पण मी तिला सापळा समजते. 28 वर्षांच्या मुलासमोर आणखी दहा वर्षांचं दार उघडं ठेवलं की प्रत्येक वर्षी ‘अजून एक’ म्हणता येतं. तारीख त्याने स्वतः ठरवावी, तुम्ही नाही. माझा सल्ला: अर्ज भरून झालेल्या आणि तारीख आलेल्या परीक्षा त्याने जरूर द्याव्यात. पण काम धरून द्याव्यात, काम सोडून नव्हे. सरकारची तूट कधी भरेल आणि भरती कधी खुलेल हे वित्त विभागातल्या सचिवालाही आज सांगता येणार नाही. त्या वेळापत्रकाला त्याने आपलं आयुष्य बांधू नये.

आणि ‘मला रिकाम्या जागा दिसतात’ हे त्याचं वाक्य अर्धंच आहे. रिकाम्या जागा फक्त आकृतिबंधात नसतात. राज्याने आणि केंद्राने बांधकामावर जो पैसा ओतलाय त्यात मजूर पूर्वीपेक्षा कमी लागतात, बोगदा यंत्र खणतं. पण मोजमाप घेणारा, दर्जा तपासणारा, चालू बिल तयार करणारा सिव्हिल इंजिनीअर लागतोच. दीड वर्षाचा साइटचा अनुभव त्याच्याकडे आहे. चार वर्षांचा अभ्यासही वाया गेलेला नाही, निविदा आणि करारातली कलमं त्याला पाठ असतील. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये विद्यावेतन मिळतं. ते शिकण्यासाठी घ्यायचं असेल तर घ्यावं. ती नोकरी नाही आणि नोकरीचं आश्वासनही नाही.

यात तुम्ही त्याला एक गोष्ट देऊ शकता जी क्लासवाला देऊ शकत नाही. ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तकातून निघून तुमच्या खिडकीपर्यंत कसं येतं, कुठे अडतं, कोणत्या त्रुटीवर परत जातं, 31 मार्चच्या रात्री काय होतं, हे तुम्ही 33 वर्षं पलीकडच्या बाजूने पाहिलंत. खासगी कंपनीत बिलिंग इंजिनीअरला नेमकं हेच यावं लागतं. ओळखपाळख लावा असं मी म्हणत नाही. शिकवा असं म्हणते.

राहिलं हे उत्तर त्याला द्यावं का. द्या, पण याच्याबरोबर तुमचं पत्रही द्या, संपूर्ण. तो घरी येतो तेव्हा तुम्ही जागे असता, हे त्याला माहीत नसावं. आणि आज रात्री साडेअकराला दिवा लावा.